ठुशीखालची गाठ

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, त्याच आठवड्यातल्या एका संध्याकाळी आयुर्विम्याचा अर्ज भरून घ्यायला एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. त्यांचा मुलगा कधीकाळी माझ्या वर्गात होता, त्यामुळे ते मला अजूनही बाईच म्हणतात आणि मीही त्यांना विम्याचे एजंट म्हणून कमी आणि पालक म्हणून जास्त ओळखते. बेळगावातल्या अनगोळमधल्या आमच्या घराच्या कर्जाचे बारा वर्षांचे हप्ते अजून बाकी आहेत, यांचे उद्यमबागेतल्या फाउंड्रीतले काम कधी असते, कधी नसते, आणि मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. माझ्या पगारावर उभे असलेले हे सगळे माझ्या माघारी कोसळू नये, एवढाच त्या अर्जामागचा विचार होता. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला, आता आणखी लांबवू नका, असे ते दोनदा सांगून गेले होते. अर्ज इंग्रजीत होता. ते एकेक प्रश्न वाचून मराठीत सांगत, मी उत्तर देई आणि ते निळ्या पेनाने होय किंवा नाहीच्या चौकोनात खूण करीत. मधुमेह, रक्तदाब, दमा, क्षय असे करत ते थायरॉईडच्या ओळीपाशी आले. मी म्हटले, "रोज सकाळी गोळी घेते मी." त्यांचे पेन थांबले. मग समजुतीच्या सुरात ते म्हणाले, "ते कशाला लिवालाय बाई? गोळी चालू हाय म्हणजे बरंच हाय की. उगंच तपासण्या लावतील. तीन वर्षं गेली की कोण विचारतंय!" आणि त्यांनी नाहीच्या चौकोनात खूण केली.

मी काही बोलले नाही.

पुढची पाने भराभर उलटली. "इल्ली सही माडरी, बाई," असे म्हणत त्यांनी जिथे जिथे बोट ठेवले तिथे तिथे मी मराठीत सही केली. शेवटी एक वेगळे निवेदन होते. अर्जदाराची सही अर्जाच्या भाषेत नसेल, तर अर्ज भरणाऱ्याने तिथे लिहून द्यायचे असते की, मी यातले सर्व प्रश्न अर्जदाराला अमुक भाषेत समजावून सांगितले आहेत आणि ते त्याला पूर्णपणे समजले आहेत. त्या रिकाम्या जागेत त्यांनी 'मराठी' असे भरले आणि खाली आपली सही केली. बेळगावात राहणाऱ्या माणसाला कोणत्या कागदावर कोणती भाषा आहे याची लहानपणापासून सवय असते. रेशनकार्ड एका भाषेत, शाळा सोडल्याचा दाखला दुसऱ्या, आधारवरचे नाव तिसऱ्याच वळणाने लिहिलेले, आणि प्रत्येक ठिकाणी ती मीच, हे सिद्ध करण्यासाठी आणखी एक कागद. त्यामुळे माझ्या कागदावर कोणीतरी 'मराठी' हा शब्द आपल्या हाताने लिहिला, याचे मला त्या क्षणी बरेच वाटले. ते गेल्यावर कपबश्या विसळताना मात्र तो शब्द बोचू लागला. बाकीचे प्रश्न मला मराठीत समजावले गेले होते हे खरे; पण त्या एका प्रश्नाचे उत्तर मी मराठीत दिले होते आणि ते लिहिले गेले नव्हते.

रात्री झोप लागली नाही. थायरॉईड हा माझा आजार आहे, असे मी आजवर कधी मनात म्हटलेच नव्हते. २००७ साली मुलीच्या वेळी दिवस गेले, तेव्हा पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडचे काम कमी पडले की आकडा वाढतो ती रक्ततपासणी, सांगितली आणि तो आकडा बघून त्याच दिवशी गोळी लिहून दिली. पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागेपर्यंत त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईडवर चालते, असे त्यांनी मला कागदावर फुलपाखरासारखी आकृती काढून समजावले होते. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेवर पंख पसरून बसलेली ती एवढीशी ग्रंथी. माझ्या शरीराची संरक्षक यंत्रणाच तिला परकी समजून तिच्यावर चालून जाते, असेही ते म्हणाले. या प्रकाराचे पहिले वर्णन हाशिमोतो या जपानी शल्यविशारदांनी १९१२ साली केले आणि तेच नाव आजही माझ्या फाईलवर आहे. म्हणजे ती गोळी मी पहिल्यांदा माझ्यासाठी घेतलीच नव्हती, मुलीसाठी घेतली होती. बाळंतपणानंतरही ती चालूच राहिली. आधी पन्नास मायक्रोग्रॅम, नंतर पंचाहत्तर. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करायचे आणि त्यातले पंचाहत्तर घ्यायचे, एवढ्याशा ऐवजावर माझा दिवस उभा राहतो. पहाटे साडेपाचला उशाजवळची बाटली हलवली की गोळ्यांचा जो कोरडा, खुळखुळ्यासारखा आवाज येतो, तो आमच्या घरात देवापुढच्या घंटेच्याही आधी होतो. ज्या गोष्टीचा आवाज इतका घरचा झाला आहे तिला आजार कसे म्हणायचे, असे मी अंधारात स्वतःलाच विचारत होते, आणि त्याच वेळी मला ठाऊक होते की ही माझी पळवाट आहे. गोळी सुटली तर काय होते ते मी एकदा पाहिले आहे. एका उन्हाळ्यात महिना-दीड महिना हेळसांड झाली, तेव्हा वर्गात उभे राहवेना, केस कंगव्यात पुंजक्यांनी यायला लागले, मे महिन्यात मला थंडी वाजत होती, आणि मुलांची नावे जिभेवर येता येता अडत होती.

त्या रात्री मला सगळ्यात जास्त आठवली ती आत्या.

आमचे मूळ गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडे, जिथे पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. वडील मागावर काम करायला वडगावला आले, आत्या मात्र लग्न होईपर्यंत गावीच होती. तिच्या गळ्यावर गाठ होती. सुरुवातीला सुपारीएवढी आणि मी तिला पाहिले तेव्हा चांगली लिंबाएवढी. पाणी पिताना ती गाठ तिच्या घोटाबरोबर वरखाली व्हायची आणि मी लहानपणी टक लावून तिकडे बघत बसायची. त्या वेळी गावात त्याला कोणी थायरॉईड म्हणत नव्हते. गळ्याची गाठ, फार तर गलगंड. डोंगरउतारावर धो धो पाऊस पडतो तिथे मातीतले आयोडीन वाहून जाते, त्या मातीतल्या धान्यातही ते उतरत नाही, आणि मिळेल तेवढे आयोडीन गोळा करायला ती ग्रंथी स्वतःच फुगत जाते, हे मला फार पुढे कळले. गलगंडाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम १९६२ सालीच सुरू झाली होती, पण आमच्या त्या डोंगरात खडे मीठच खाल्ले जाई. मातीच्या मडक्यात ठेवलेले, पावसाळ्यात पाझरून ओलेगच्च होणारे ते मीठ मला अजून डोळ्यांपुढे दिसते. खाण्याच्या साध्या, आयोडीन नसलेल्या मिठाच्या विक्रीवर २००६ साली देशभर बंदी आली. आत्याची गाठ नेमकी त्यानेच आली होती का, हे आज सांगणार कोण? तिला कोणी कधी डॉक्टरकडे नेलेच नाही.

तिला बघायला पाहुणे आले, तेव्हा आजीने शेजारच्या घरातून ठुशी मागून आणली. ठुशी गळ्याशी घट्ट बसते, तिचे बारीक सोन्याचे मणी एकमेकांना लागून असतात, आणि वरून पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला की गळ्यावर काय आहे ते समोरच्याला दिसत नाही. त्या दिवशीचा फोटो नाही, पण लग्नातला आहे. त्यात आत्या मान किंचित खाली घालून उभी आहे आणि ठुशी तिच्या गळ्यात रुतल्यासारखी दिसते. लग्नानंतर चौथ्या दिवशी न्हाणीघरात तिच्या सासूने ती गाठ पाहिली. "फसवून दिली" हे दोन शब्द त्या दिवशी त्या घरात जे उच्चारले गेले, ते आत्या मरेपर्यंत थांबले नाहीत. भांडी घासताना पातेले निसटले तरी तेच, मुलगा नापास झाला तरी तेच. लपवायचे कोणी ठरवले, तर आजीने आणि आजोबांनी. त्यांच्याही पोटात मुलीची काळजीच होती, हे मला आता आई झाल्यावर कळते. पण ते दोघे आपल्या घरी राहिले आणि त्या न बोललेल्या गोष्टीचा जाब तिला एकटीला, परक्या घरात, चाळीस वर्षे द्यावा लागला. ठुशी तर लग्नानंतर आठच दिवसांत जिची तिला परत गेली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी त्यांनी मागे ठेवलेली कोऱ्या अर्जाची प्रत काढली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत विमा कायदा, १९३८ याचे कलम ४५ छापलेले होते. ते मी मुलीला मोठ्याने वाचायला सांगितले; तिचे इंग्रजी माझ्यापेक्षा सरळ आहे आणि तिच्या तोंडून ऐकले की मला नीट उमगते. तीन वर्षांची गोष्ट खोटी नव्हती. पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षे झाली की कोणत्याही कारणाने तिच्यावर आक्षेप घेता येत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. २०१५ च्या दुरुस्तीने ही मुदत दोनाची तीन वर्षे झाली. पण त्या तीन वर्षांच्या आत एखादी महत्त्वाची बाब दडवलेली आढळली, तर कंपनी दावा नाकारू शकते. मध्येच हप्ते चुकून पॉलिसी बंद पडली आणि ती पुन्हा चालू केली, तर तीन वर्षांची मोजणी त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. आमच्यासारख्या घरात, जिथे फाउंड्रीचे काम बंद पडले की पहिला हप्ता विम्याचाच चुकतो, तिथे ही तीन वर्षे किती वेळा नव्याने सुरू होतील ते सांगवत नाही. मग ती एका वाक्याशी अडखळली आणि तिने ते पुन्हा वाचले. फसवणुकीचा आरोप असेल आणि विमाधारक हयात नसेल, तर तो आरोप खोटा ठरवण्याचा भार लाभार्थ्यांवर राहील. तिने मान वर केली आणि विचारले, "लाभार्थी म्हणजे मीच ना, आई?"

दिवाळीतच तिला अठरा वर्षे पूर्ण झाली होती आणि वारस म्हणून मी मोठ्या हौसेने तिचे नाव दिले होते. तिचे नाव मी ज्या कागदावर लिहिले होते, त्याच कागदावर, चार पाने आधी, तिच्यासाठी हे दुखणे पेरून ठेवले होते. माझ्या माघारी कोण्या कार्यालयात तिला बसवून, तुझ्या आईने गोळी चालू असल्याचे का लिहिले नाही, असे कोणी विचारले असते तर ती काय सांगणार होती? जी गोळी तिच्यासाठी सुरू झाली, तीच गोळी तिच्याविरुद्धचा पुरावा ठरली असती. औषधांच्या दुकानातल्या अठरा वर्षांच्या पावत्यांसकट.

माझ्या वडिलांकडे एलआयसीची पॉलिसी होती. वडगावच्या आमच्या दोन खोल्यांत माग दिवसभर खडखडत असे आणि संध्याकाळी तो थांबला की कानात उलट शांततेचाच आवाज होई. त्या शांततेत वडील कधी कधी ट्रंकेतून तो कागद काढून बघत. त्यावर दोन तळहातांच्या आडोशात तेवणारा दिवा होता आणि खाली 'योगक्षेमं वहाम्यहम्' असे छापलेले होते. हे गीतेतल्या नवव्या अध्यायातले आहे, असे त्यांनीच मला सांगितले. हप्त्याच्या पावत्या ते एका तारेला ओवून ठेवत, जुनी खाली, नवी वर. १ सप्टेंबर १९५६ रोजी एलआयसी स्थापन झाली, आणि बरोबर दोन महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आमचे बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्या दुसऱ्या तारखेने इथल्या मराठी माणसाच्या आयुष्यात काय काय बदलले ते आम्ही सगळे जाणतो. वडील मात्र म्हणत की सरकारी कचेरीतली पाटी बदलली तरी या कागदावरचा दिवा आहे तोच राहिला. त्या पॉलिसीची मुदत संपली आणि आलेल्या पैशांतून माझी डी.एड.ची फी भरली गेली. त्यांच्या अर्जातही आजारांचे प्रश्न असतीलच; त्यांनी त्यांची उत्तरे काय दिली होती, हे मी त्यांना कधी विचारले नाही. मागाच्या धुळीने त्यांना बारमाही खोकला होता.

तिसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांना फोन केला. अर्ज अजून त्यांच्याच पिशवीत होता. ते आले, आणि मी त्यांना जे वाचले ते दाखवले. ते थोडे ओशाळले, रागावले नाहीत. वीस वर्षे हे काम करतो, थायरॉईडवरून कोणाचा दावा अडलेला मी बघितला नाही, असे ते म्हणाले आणि ते खरेही असेल. त्यांच्यावर राग धरावा असे मला वाटले नाही, आजही वाटत नाही. माझे काम लवकर व्हावे, मला हेलपाटे पडू नयेत, हीच त्यांची इच्छा होती, आणि माझ्या आजीचीही यापेक्षा वेगळी नव्हती. त्यांनी नाहीवरची खूण एका रेघेने खोडली, होयच्या चौकोनात नवी खूण केली आणि त्या खाडाखोडीच्या शेजारी मी माझी पूर्ण सही केली, मराठीत.

आणि पुढे त्यांनी सांगितले होते तसेच झाले. तपासण्या लागल्या. थायरॉईडची वेगळी प्रश्नावली आली: आजार केव्हापासून, कोणते औषध, किती मात्रा, गळ्यावर सूज किंवा गाठ आहे का, कधी शस्त्रक्रिया झाली का. कॉलेज रोडवरच्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त दिले, लघवी दिली, छातीवर थंडगार जेल लावून ईसीजी काढला. टीएसएच आले ९.८. त्याचा वरचा आकडा साधारण चारच्या आसपास असायला हवा. कंपनीने अर्ज नाकारला नाही, पण निर्णय तीन महिने पुढे ढकलला. ते पत्र हातात घेऊन मी बराच वेळ पायरीवर बसले होते. खरे लिहिले म्हणून हे झाले, असा विचार मनात आलाच नाही असे मी म्हणणार नाही. लिहिले नसते तर? त्या विचाराबरोबर आपण कोणाकडून तरी नापास झालो आहोत अशी एक लाजही होती, आणि ती लाज मला ओळखीची वाटली. ती आत्याच्या खाली झुकलेल्या मानेतली होती.

डॉक्टरांनी अहवाल बघितला आणि मात्रा वाढवण्याआधी मी गोळी कशी घेते ते विचारले. साडेपाचला गोळी, आणि शाळेची घाई म्हणून दहाव्या मिनिटाला चहा. वर्षभरापूर्वी रक्त कमी निघाले तेव्हापासून चहाबरोबरच लोहाची गोळी. त्यांनी डोक्याला हात लावला. या गोळीनंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, पाण्याखेरीज काही नको, आणि लोहाची किंवा कॅल्शिअमची गोळी चार तासांनी, नाहीतर ती पोटात या औषधाला धरून ठेवते आणि अंगी लागू देत नाही, असे त्यांनी सांगितले. अठरा वर्षे जी गोळी मी इतक्या निष्ठेने घेत होते, ती निदान शेवटचे वर्षभर मी धड घेतलीच नव्हती. मात्रा तीच ठेवून त्यांनी आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितले, कारण हा आकडा स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. विमा कंपनीने थांबवले नसते तर मी त्यांच्याकडे गेलेच नसते. जुनीच चिठ्ठी दाखवून गोळ्या आणत राहिले असते.

शिक्षकांच्या खोलीत मी हे सगळे सांगितले, तेव्हा कळले की आम्हा अकराजणींपैकी माझ्याखेरीज आणखी चौघी ही गोळी घेतात आणि त्या चौघींपैकी एकीनेही आपल्या विम्याच्या कागदावर ते लिहिलेले नाही. एकीने लिहिले नाही कारण विचारलेच नाही, दुसरीला आठवत नाही, तिसरीच्या अर्जावर तिच्या नवऱ्यानेच खुणा केल्या होत्या. चौथी काही बोलली नाही. तिच्या गळ्यावर गाठ आहे आणि सुईने काढलेल्या नमुन्याचा अहवाल यायचा आहे. तो हाती येईपर्यंत कोणतीही कंपनी तिला हो म्हणणार नाही, हे तिला माझ्याआधी ठाऊक होते. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी आम्ही पाचजणी तशाच बसून होतो. नुसती गोळी चालणाऱ्या माणसाचा टीएसएच आटोक्यात असेल, तर बहुतेक वेळा नेहमीच्याच दरात विमा मिळतो. हे मी त्यांना सांगू शकत होते, पण तिच्या गळ्याकडे बघून माझ्याने ते बोलवले नाही.

वळवाचा पहिला पाऊस पडला त्या दुपारी ते गृहस्थ पॉलिसी घेऊन आले. मधल्या काळात टीएसएच ३.१ वर आला होता आणि जादा आकार न लावता कंपनीने अर्ज स्वीकारला होता. फक्त फेब्रुवारीत माझा वाढदिवस होऊन गेल्यामुळे वय एका वर्षाने वाढले आणि हप्ता त्या हिशोबाने थोडा चढला. तो आता दरवर्षी तेवढाच चढा राहील. यांनी चहा केला, अंगणातल्या ओल्या मातीचा वास घरभर झाला, आणि मुलीने जाड पाकीट फोडून पाने उलटायला सुरुवात केली. पॉलिसीला माझ्या अर्जाची छायाप्रत जोडलेली असते. त्या प्रतीत खोडलेली खूण काळपट आणि पुसट उमटली होती, पण तिच्या शेजारची माझी सही स्वच्छ वाचता येत होती. तिने त्या सहीवर बोट ठेवले आणि इथे ही का, असे विचारले. तेव्हा मी तिला आत्याची ठुशी सांगितली. तोवर ती गोष्ट मी तिला कधीच सांगितली नव्हती. फोटो तिने पाहिला होता आणि आत्याआजीचा दागिना किती सुंदर आहे, असे ती नेहमी म्हणायची. ऐकून झाल्यावर ती काही बोलली नाही. तिने पॉलिसी एका फाईलमध्ये घातली, स्केचपेन घेतले आणि वर तिच्या गोल अक्षरात लिहिले, 'आईची पॉलिसी'. मग थोडे थांबून त्याखाली लहान अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली: 'थायरॉईड आहे. अर्जात लिहिलेले आहे. पान ४.'